लोण्यासारखे पाय

मंजू आडेला चूक खपत नसे. दुसऱ्याची तर नाहीच, पण स्वतःची त्याहून नाही. भाकरी एका बाजूनं करपली की ती गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायची आणि वर नवऱ्याला सांगायची, "मले अशीच आवडते." लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी राजपालला अजून वाटतं की आपल्या बायकोला करपलेली भाकरी आवडते. साध्या माणसाला फसवणं सोपं असतं, आणि राजपाल साधा होता.

मानोऱ्याहून येणाऱ्या डांबरी रस्त्याला एक फाटा फुटतो. तिथून आत गेलं की पळसतांडा. तांड्यातल्या सुनांमध्ये बारावी झालेली मंजू एकटीच, म्हणून आधीच्या सेविका सोजरबाई निवृत्त झाल्यावर अंगणवाडी तिच्याकडे आली. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, भिंतीवर रंगवलेला हत्ती. मदतनीस रुखमाबाई खिचडी शिजवायची, घरोघर फिरून लेकरं गोळा करायची आणि फावल्या वेळात मंजूच्या शिस्तीची टिंगल करायची. "हे आंगनवाडी हाये का कलेक्टर हापिस वो?" असं ती रोज एकदा तरी म्हणायचीच. मंजूला ते मनातून आवडायचं.

नव्या सेविकेला प्रशिक्षण द्यायचं असतं. मंजूचंही होणार होतं, पण तिची तुकडी काही लागेना. तोवर काम चालावं म्हणून फोनवर व्हिडिओ आले. ते पाहायचे, शेवटी आलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, की झालं. आता तांड्यात रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर, आणि त्या ओट्यावर दिवसभर बायकांची धुणी चालतात. एका हातात फोन, दुसरा हात कानावर, मागून धोपटण्याचे दणके, अशा थाटात मंजूबाईंचं प्रशिक्षण झालं.

त्यात एका व्हिडिओतली बाई म्हणाली, "बालकाच्या दोन्ही पायांवर इडिमा आढळल्यास ते बालक अतितीव्र कुपोषित समजून तात्काळ दवाखान्यात पाठवावे." पुढं बहुतेक चित्र होतं. पण नेमकं तेव्हाच पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं, आणि ते थांबलं तेव्हा बाई हात धुण्यावर पोचली होती.

इडिमा म्हणजे काय, हे मंजूला ठाऊक नव्हतं. पण तिच्या मामाच्या पायाला एक्झिमा होता. पाऊल खाजायचं, सोलायचं, त्यातून पाणी यायचं, आणि मामा रात्रभर नखांनी खरवडत बसायचा. इडिमा, एक्झिमा. पुण्याकडची बाई आहे, तिच्या तोंडून तसं येत असेल, असं मंजूनं ठरवून टाकलं. सेविकांच्या ग्रुपवर विचारता आलं असतं. पण ग्रुपवर सगळ्या बीटच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या बाया, वर सुपरवायझर मॅडम. तिथं जाऊन "इडिमा म्हंजे काय?" असं विचारायचं आणि महिनाभर सगळ्यांच्या तोंडी लागायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. करपलेली भाकरी तिनं आपल्या ताटात घेतली.

परीक्षेत तोच प्रश्न आला. दोन्ही पायांवर इडिमा असल्यास काय कराल? मंजूनं "दवाखान्यात पाठवू" यावर बोट ठेवलं आणि ते बरोबर निघालं. सगळीच उत्तरं बरोबर निघाली. प्रमाणपत्र फोनवर आलं, राजपालनं ते मानोऱ्यातून रंगीत छापून आणलं आणि काचेत बसवून हत्तीच्या शेजारी टांगलं.

तेव्हापासून दर महिन्याला वजनाच्या दिवशी मंजू प्रत्येक लेकराचे पाय पाहायची. बोटांच्या बेचक्यात पाहायची, घोट्यामागं पाहायची, कुठं खपली, कुठं पुरळ दिसलं की कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायला लावायची. पळसतांड्याच्या लेकरांचे पाय इतके स्वच्छ कधीच नव्हते. खरं सांगायचं तर ती मनापासून काम करत होती. मन लावून केलेली चूक फार लांबवर जाते, आणि वाटेत तिला कोणी हटकत नाही.

दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जातो. घराला कुलूप, दारावर निंबोणीची फांदी, म्हाताऱ्यांच्या हवाली एखादी शेळी. त्या वर्षी लखीराम घर राखायला थांबला आणि त्याचा मुलगा किशन, सून राखी, बायको नानीबाई असे तिघं टोळीबरोबर गेले. नानीबाईला न्यायचं कारण म्हणजे नवीन. किशनचा हा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. राखी कोयत्यावर जाणार, मग पोराला कोण सांभाळणार? नानीबाईनं पोराला मांडीवर घेतलं ते थेट फाल्गुनात तांड्यात परत आल्यावरच खाली उतरवलं.

तोडीहून आलेली लेकरं कशी दिसतात ते तांड्याला माहीत आहे. पाय काड्या, पोटाचा नगारा, नाक वाहतं. पण नवीन उतरला तो गुबगुबीत. गाल वर आलेले, हातापायांना वळ्या पडल्यासारख्या. रंग उजळलेला. केस तर असे भुरे झाले होते की बायका म्हणाल्या, "कोण्या साहेबाचं पोरगं उचलून आनलं व माय?" आणि गुणी किती! ज्या जागी बसवलं त्या जागी बसून राहायचा. रडणं नाही, हट्ट नाही, दुसऱ्याच्या हातातल्या भाकरीकडे बघणंसुद्धा नाही.

"आजीच्या हातचं बाळसं हाये," नानीबाई दाराशी जमलेल्या बायकांना सांगत होती. तिचा ऊर भरून आला होता. "मायबाप अंधारात जात, अंधारात येत. पाचटाच्या कोपीत मी अन् हे. मी सवता उपाशी राह्यली, पन याचा चहा-टोस कधी चुकोला नाई. भाताची पेज दे, उसाचा रस दे. पाहा, आंग पाहा पोराचं."

मंजूही तिथं होती. नानीबाईनं नवीनचा पाय उचलून तिच्यापुढं केला आणि पावलावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी त्याचा ठसा तिथंच राहिला.

"पाह्य, मंजू. बोट उमटते. लोन्यावानी आंग झालं."

"काकी, एवढं लोनी आनलं त आमाले बी द्या थोडं," मंजू म्हणाली आणि हसली. सगळ्या हसल्या. राखी तेवढी गप्प होती. "हे जेवत नाई ताई आताशा," ती हळूच म्हणाली, "तोंडात घास ठेवला त तसाच ठेवते."

"परवास झाला ना. होते तसं," नानीबाई म्हणाली.

वजनाच्या दिवशी मंजूनं नवीनला काट्यावर ठेवलं. वजन चांगलं भरलं, मागच्यापेक्षा वाढलेलं. सवयीनं तिनं त्याचे पाय पाहिले. खपली नाही, पुरळ नाही, कातडी ताणलेली आणि चकचकीत. इतके नितळ पाय तिनं कधी पाहिले नव्हते. फोनमध्ये इडिमाच्या पुढं तिनं "नाही" भरलं.

चैत्रात सुदृढ बालक स्पर्धा निघाली. प्रत्येक अंगणवाडीतून एक लेकरू आणायचं होतं. मंजूपुढं प्रश्नच नव्हता. तांड्यातलं पोर सुदृढ म्हणून निवडलं जाणं, तेही तोडीहून आलेलं, ही काही लहान गोष्ट नव्हती. मोठ्या गावातल्या सेविका तांड्यातल्या सेविकेला चहाच्या वेळी थोडं बाजूलाच बसवतात. मंजूला त्यांना एकदा दाखवून द्यायचं होतं.

राखी नाही म्हणत होती. "त्याले बरं वाटून नाई राह्यलं, ताई. दोन दिस झाले, नुसतं पडून हाये."

"घंटाभराचं काम हाये वो. बक्षीस भेटलं त तुयंच नाव होईन," मंजू म्हणाली.

राखीनं मग पोराला न्हाऊ घातलं, झबलं चढवलं आणि गालावर काजळाची ठसठशीत तीट लावली. एवढं देखणं पोर चारचौघांत न्यायचं तर तीट हवीच. स्पर्धेला डॉक्टर येणार होते, त्यांना ऐनवेळी दुसरीकडे जावं लागलं. मग वजन, लसी आणि नखांची स्वच्छता एवढ्यावर निकाल लागला आणि नवीन किशन राठोड पहिला आला. स्टीलची वाटी आणि चमचा. फोटो काढायच्या वेळी सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "चेहरा जरा स्वच्छ करा, फोटो वर जाणार आहे."

मंजूनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि गालावरची तीट पुसली.

"राहू द्या ना ताई," राखी म्हणाली.

"फोटोपुरती वो. मंग लाव."

फोटो सगळ्यांच्या फोनवर गेला. मध्ये राखी, कडेवर नवीन, हातात वाटी, शेजारी मंजू. पोराचे डोळे अर्धे मिटलेले आहेत आणि मंजू त्यात इतकी हसते आहे की तिची वरची हिरडी दिसते.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. नवीनला जुलाब लागले, अंग तापलं. संध्याकाळी किशननं मोटारसायकल काढली, मागं राखी पोराला घेऊन बसली. मानोऱ्याच्या अलीकडेच राखीच्या हाताला कळलं, पण तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा ती खालीच उतरेना. शेवटी नर्सनं येऊन तिच्या मांडीवरून पोराला उचललं आणि नर्सलाही ते कळलं.

जुलाबानं लेकरू गेलं, असं कागदावर आलं. तांड्यानं मात्र कागदाची वाट पाहिली नव्हती. नजर लागली. दुसरं काय असणार? सगळ्या गावांच्या बायांपुढं पोराला मिरवलं, फोटो काढून शेकडो फोनवर घातला. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की फोटोत पोराच्या गालावर तीटच नाही.

"अव तीट काहून नाई लावली तू?" नानीबाईनं दिवसकार्याच्याही आधी सुनेला विचारलं. "म्या पाच मयने जीवापाड जपलं, तुले एक तीट लावाची सुद नाई राह्यली?"

मंजू त्या वेळी अंगणात बायकांत बसली होती. राखीनं मान वर केली आणि एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. ती बोलली नाही. का नाही बोलली, हे मंजूला पुढं कितीतरी दिवस कळलं नाही. सरकारी बाईचं नाव घ्यायचं भय, की बोलून काय उपयोग असं वाटलं, की मनातून तिलाही पटलं होतं, आपणच अडवायला हवं होतं?

मंजूनंही तोंड उघडलं नाही. तिच्याजवळ त्याला चांगलं कारण होतं. नजर वगैरे काही नसतं, हे ती शिकलेली बाई जाणून होती. मग तीट कोणी लावली आणि कोणी पुसली, यानं काय फरक पडतो? उगाच कबूल करून आपणही त्या अंधश्रद्धेला खतपाणी कशाला घालायचं? माणूस भ्यालेलं असलं की त्याला मोठे मोठे विचार सुचतात.

पण फरक पडत होता. किशन बायकोशी बोलेना. नानीबाई तिच्या हातचं पाणी घेईना. वैशाखात राखीला तिच्या माहेरी, रिठदकडच्या तांड्यात, पोचवून दिलं. "थोडे दिस राहू दे," असं लखीराम लोकांना सांगायचा, पण थोड्या दिवसांसाठी जाणारी बाई आपली पेटी नेत नाही. मग कानावर यायला लागलं की किशनसाठी दुसरी पाहताहेत. जी बाई एक तीट लावू शकत नाही, ती पुढचं लेकरू काय वाचवणार?

"त्या पोरीचं वाटोयं झालं वो," रुखमाबाई खिचडी ढवळता ढवळता म्हणाली. मंजू रजिस्टर लावत होती. तिनं ते पुन्हा एकदा लावलं.

ज्येष्ठात, उन्हाळा सरता सरता, मंजूची तुकडी लागली. खरंखुरं प्रशिक्षण, तालुक्याच्या गावी, एका मंगल कार्यालयात. सतरंजीवर सेविका, मागं कुलर, समोर वाशीमहून आलेल्या वैभवी मॅडम. तरुण, बारीक, आवाज मात्र खणखणीत. फळ्याकडे त्या फारशा गेल्याच नाहीत. एका सेविकेला आई केलं, दुसरीला सासू, आणि तिसरीला म्हणाल्या, आता यांच्या घरी जा आणि बाळाला काय खायला घालता ते विचारून या. बाया खळखळून हसत होत्या. मंजूलाही बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी ती हसली.

दुपारी जेवण झाल्यावर वैभवी मॅडम स्वयंपाकघरात गेल्या आणि आचाऱ्याकडून मळलेल्या कणकेचा गोळा ताटलीत घेऊन आल्या.

"आता इडिमा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलाय ना?"

"हो मॅडम!" मंजूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"शब्द विसरून जा. इडिमा म्हणजे सूज. अंगात पाणी धरतं ना, ती. आणि हीच सूज गावात सगळ्यांना फसवते. लोक म्हणतात, बाळसं धरलंय. वजन वाढलेलं दिसतं. गाल वर येतात. रंग उजळतो, केस भुरे होतात. बाळ रडत नाही, मागत नाही, म्हणून म्हणतात, गुणाचं आहे. ते गुणाचं नसतं बायांनो. त्याच्यात रडायची ताकद उरलेली नसते."

त्यांनी ताटली पुढ्यात घेतली.

"मग ओळखायचं कसं? दोन्ही पावलांवर अंगठा असा दाबायचा. थोडा वेळ दाबून ठेवायचा. सोडायचा." त्यांनी कणकेवर अंगठा दाबला आणि उचलला. "पाहा. खड्डा राहिला. तुमच्या-माझ्या पायावर राहणार नाही. या बाळाच्या पायावर असा राहतो. दिसला की त्या दिवशी, त्या घटकेला दवाखाना."

ताटली फिरायला लागली. प्रत्येक सेविका अंगठा दाबायची, खड्डा पाहायची, पुढच्या बाईकडे द्यायची. कोणी कणकेशी चेष्टाही करत होती. ताटली मंजूपुढं आली. कणीक पांढुरकी होती, मऊ होती, वरून तेलाचा हात लावलेली, चकचकीत. मंजूच्या कानात नानीबाई बोलली. पाह्य, मंजू. बोट उमटते.

तिनं ताटली मांडीवर घेतली आणि तशीच बसून राहिली.

"ताई, दाबा ना," शेजारीण म्हणाली.

"मॅडम," मंजू म्हणाली. "इडिमा म्हंजे खाज नाई का? खरूज?"

हॉल हसला. जे ग्रुपवर होऊ नये म्हणून ती जपत आली होती, ते आता भर हॉलमध्ये झालं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. वैभवी मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"नाही ताई. सूज."

"असं लेकरू... लवकर सापडलं, दवाखान्यात नेलं, त वाचते का?"

"लवकर नेलं तर बहुतेक वाचतात," मॅडम म्हणाल्या. मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. त्या जवळ येऊन बसल्या, आणि हळू आवाजात विचारलं, "कोणाचं होतं?"

मंजूनं ताटली त्यांच्या हातात दिली आणि बाहेर नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

गप्प बसता आलं असतं. कोणालाच काही कळणार नव्हतं. जुलाबानं गेलं हे कागदावर होतं, नजरेनं गेलं हे तांड्याच्या मनात होतं, आणि तिचं नाव दोन्हीकडे नव्हतं. शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या हातून प्रमाणपत्रं वाटली. तिनंही घेतलं. एसटीत खिडकीशी बसून तिनं ते गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं. नोकरी जाईल, ही भीती होती. तांड्यात पाणी भरणं मुश्किल होईल, ही त्याहून मोठी. पण राखीचं ते एकदा मान वर करून पाहणं काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. पुढच्याच आठवड्यात दुसरी मुलगी पाहायला किशनला घेऊन जाणार आहेत, असं राजपालनं कालच फोनवर सांगितलं होतं.

फाट्यावर उतरून मंजू स्वतःच्या घरी गेली नाही. पिशवीसकट लखीरामच्या अंगणात गेली. दिवस कलला होता. लखीराम बाजेवर, किशन गाडीची चेन घट्ट करत बसलेला, नानीबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती.

"ये मंजू. झालं का टरेनिंग?" लखीराम म्हणाला.

मंजू बसली नाही. बसली असती तर बोलली नसती. "काका, काकी, तीट राखीनं लावली होती. चांगली मोठी लावली होती. म्या पुसली. फोटोसाठी, माह्या पदरानं. राखी नको म्हनत होती."

किशनचा हात चेनवर थांबला. नानीबाईनं सूप खाली ठेवलं.

"तू?"

"हो. मी."

"अन् इतके दिस तू आमच्या घरी येऊन बसत होती? त्या पोरीले आमी..." नानीबाईनं मंजूकडे बोट केलं. "तुया हातानं नजर लागली माह्या पोराले!"

इथं थांबता आलं असतं. राखीचं काम झालं होतं. आणि खोटं सांगायचं नाही, थांबावं असं मंजूला वाटलंही. नजरेचा दोष घेऊन सुटणं त्या मानानं स्वस्त होतं. पण ती तशीच उभी राहिली.

"नजर नव्हती ते, काकी. सूज होती. पोटात पुरं अन्न गेलं नाई का लेकराच्या आंगात पानी भरते अन् ते बाळसं आल्यावानी दिसते. तो जाड नव्हता झाला. तो उपाशी होता."

"उपाशी?" नानीबाई उठून उभी राहिली. "म्या उपाशी ठेवलं त्याले? सवता नाई खाल्लं म्या! माह्या वाटचा टोस त्याले देल्ला!"

"तुमचं काईच नाई त्याच्यात. चहा-टोसानं होत नाई, हे तुमाले कोनी सांगतलं नव्हतं. सांगाचं काम माह्यं होतं. ओयखाचं काम माह्यं होतं. मले ते नाव पाठ होतं, काकी. म्या परिक्षेत उत्तर देल्लं होतं. पन ते काय असते ते म्या कोनालेच इचारलं नाई."

मग नानीबाईनं विचारलं, आणि आता तिच्या आवाजात राग नव्हता, "कशावरून ओयखतेत?"

"काकी, राहू द्या."

"कशावरून ओयखतेत, सांग."

मंजूनं सांगितलं. पावलावर अंगठा दाबायचा. खड्डा राहतो. ट्रेनिंगमध्ये कणकेवर दाखवलं.

नानीबाई आत गेली. डब्याचं झाकण वाजलं, पाण्याचा आवाज आला. ती परात घेऊन बाहेर आली आणि ओट्यावर बसून तिनं मूठभर कणीक मळली. मळताना तिनं कोणाकडे पाहिलं नाही. तेलाचं बोट लावून गोळा गुळगुळीत केला, जसं पोराला न्हाऊ घालायच्या आधी करायची तसं, आणि परात मंजूपुढं सरकवली.

"दाखव."

मंजूनं अंगठा दाबला. काढला. खड्डा राहिला.

नानीबाईनं त्याच्या शेजारी आपला अंगठा दाबला. काढला. ती बराच वेळ त्या दोन खड्ड्यांकडे पाहत होती. मग तिनं अंगठ्यानं ते बुजवायला सुरुवात केली, कडा आत ओढून, हळूहळू, पण कणकेवर ती खूण काही पुरती जाईना.

मागं किशननं गाडीला किक मारली. "कुठी चालला रे?" लखीराम म्हणाला.

"रिठदले," किशन म्हणाला, आणि त्याला कोणी अडवलं नाही.

गाडीचा आवाज फाट्यापर्यंत गेला, मग ऐकू येईनासा झाला. मंजूनं पिशवी उचलली. तिला वाटलं, काहीतरी बोलावं, निदान पाया तरी पडावं. तेवढ्यात नानीबाईनं परातीवरून मान वर केली.

"म्या तुले दाखोलं होतं, मंजू," ती म्हणाली. "तुया डोयापुढं दाबून दाखोलं होतं. मी अडानी बाई. तू हासली होती."